पूल आहे असं जर्नलमध्ये लिहिलंय

तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला माहितीये. गेम खेळणाऱ्या पोराची गोष्ट, म्हणजे बापानं मोबाईल आपटला असणार, पोरगं रुसून मुंबईला पळालं असणार, आणि शेवटी पोरगं स्टेजवर कप उचलतंय आणि बाप पहिल्या रांगेत डोळे पुसतोय. नाही. आमच्या अण्णांनी मोबाईल आपटला नाही, उलट माझी बॅग स्वतः भरली. कप कुणीतरी उचलला, मी तेव्हा तिथं नव्हतो. आणि डोळे पुसायचं म्हणाल तर अण्णांना मोतीबिंदू आहे, ते एरवीही पुसतच असतात.

तुमचा दुसरा अंदाज असा असेल की आता हा शहाणपणा शिकवणार, पोरांनो गेम सोडा, अभ्यास करा. तेही नाही. माझी वाट गेम खेळून लागलेली नाही. अभ्यास करून लागलीये.

आम्ही करमाळ्याचे. आमच्या मंडळानं एका गणपतीत मोबाईल गेमची स्पर्धा ठेवली. चार-चार जणांच्या टीम, एका बेटावर उतरायचं, शेवटपर्यंत जो जिवंत राहील तो जिंकला. मंडपात पडदा लावला आणि बघणाऱ्यांना काही कळेना, म्हणून आरतीचा माइक माझ्या हातात दिला. मला लहानपणापासून दुसऱ्याचे आवाज काढायची खोड. मी सुरू केलं एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरच्या आवाजात: "टेंभुर्णीकडे जाणारी टीम फलाट क्रमांक तीनला लागलेली आहे. मागून गोळीदेखील लागलेली आहे. प्रवाशांनी नोंद घ्यावी." मग कांद्याच्या लिलाववाल्याच्या आवाजात, मग तहसीलमधल्या कारकुनाच्या. गेममधल्या जागांना आम्ही आमचीच नावं ठेवली होती. गोदाम म्हणजे मार्केट यार्ड, टेकडीवरचं घर म्हणजे सावकाराचा बंगला. म्हाताऱ्या बायका आरती झाल्यावरही उठेनात. त्या दहा दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं की आपल्याला काहीतरी येतं.

अण्णा ज्युनिअर कॉलेजात प्रयोगशाळा सहायक. परीक्षानळ्या मोजायच्या, बेडकांच्या बरण्या पुसायच्या, आणि पोरांची जर्नल्स गोळा करून सरांच्या टेबलावर ठेवायची. गेमवर त्यांचा राग होता, पण साधा, रोजचा राग. तो गेला एका जाहिरातीनं. अंधेरीत एका संस्थेनं ईस्पोर्ट्सचा डिप्लोमा काढला होता, एक वर्षाचा. खेळणं, स्पर्धा भरवणं, कॉमेंट्री करणं, सगळं शिकवणार. अण्णांनी जाहिरात दोनदा वाचली.

"मान्यता आहे का?"

"मान्यताप्राप्त लिहिलंय की."

कुणाची मान्यता ते लिहिलेलं नव्हतं, पण शेजारी गोल शिक्का होता. अण्णांनी त्या शिक्क्यावर बोट ठेवलं. ज्या गोष्टीचा डिप्लोमा निघतो ती गोष्ट वाईट असूच शकत नाही, असा त्यांचा एकूण हिशेब.

"एक वर्ष," ते म्हणाले. "या कागदावर नोकरी लागली तर तू तिकडं. नाही लागली तर गुपचूप इकडं. कॉलेजात शिपायाची कंत्राटी जागा निघायचीय, प्राचार्यांना शब्द टाकून ठेवतो."

म्हणजे वर्षाच्या शेवटी एक तर माझ्या हातात माइक असणार, नाहीतर कॉलेजातली घंटा. मी हो म्हणालो. कोण नाही म्हणेल?

मामा-मामी मुलुंडला. दोघंही ऑफिसला जाणारे, सोसायटीतल्या दोन खोल्या, मला हॉलमधला दिवाण. मामींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे बघ, घरात ते ठो-ठो नको हं. मामांना बीपी आहे." मी कबूल केलं. मला वाटलं, घरी नाही तर काय, दिवसभर क्लासमध्ये खेळणारच आहे. रोज घाटकोपरला उतरून मेट्रोनं अंधेरी. खाली बाथरूमच्या टाइल्सचं दुकान, वर आमची संस्था.

दारातच एक प्लास्टिकचा टब. त्यात मोबाईल जमा करायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, आत भारी कॉम्प्युटर असतील म्हणून असेल. कॉम्प्युटर होते. सहा. त्यातल्या चारांवर अॅडमिशनचं काम चालायचं.

मुख्य सर आधी त्याच वर्गात मॉल मॅनेजमेंट शिकवायचे. ते बंद पडलं, मग हे सुरू झालं. फळा तोच, सर तेच. त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या आधी 'बेसिकली' आणि नंतर 'क्लिअर?' आणि मध्ये घशातून एक बारीक खाकरा, पंक्चर काढताना ट्यूबमधून हवा जाते तसा. दुसऱ्या आठवड्यात मी त्यांचा आवाज डबा खाताना काढला तेव्हा बोरिवलीच्या एकानं पाठ फिरवून घाईघाईनं पोळी लपवली. त्याला वाटलं सर आले.

"बेसिकली, ईस्पोर्ट्स म्हणजे काय? लिहून घ्या. ईस्पोर्ट्सची व्याख्या. क्लिअर?"

आम्ही व्याख्या लिहून घेतली. मग फायदे. मग तोटे. मग फायदे आणि तोटे यांतला फरक. पंचाहत्तर टक्के हजेरी, निळा शर्ट, आणि जर्नल.

जर्नल म्हणजे काय ते सायन्सवाल्यांना सांगायला नको. उजव्या पानावर शाईनं मजकूर, डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलनं आकृती, शेवटी सरांची सही, जर्नल पूर्ण. आणि जर्नल कसं लिहायचं तेही सगळ्यांना माहितीये, सिनिअरचं घ्यायचं आणि उतरवायचं. आमच्या आधी एकच बॅच झाली होती. त्यातल्या एका ताईचं जर्नल अख्ख्या वर्गात फिरलं. आकृती क्रमांक सात: बेटाचा नकाशा. नदी, नदीवर पूल, पुलाच्या दोन्ही बाजूंना आडोशाच्या जागा. मी दोन रंगांच्या पेन्सिली वापरल्या. नदी इतकी सुरेख आली होती की मामी म्हणाल्या, "तू ड्रॉइंगला का नाही गेलास रे?"

आता गंमत अशी की हे जर्नल उतरवत असतानाच गेमचा अपडेट आला आणि तो पूल गेला. कंपनीनं उडवला. नदीत नुसते खांब राहिले. लोकांना पलीकडे जायला नवीन वाट, लढाया नवीन जागी, सगळाच डाव बदलला. हे मला माहिती होतं, कारण तेव्हा मी येता-जाता मोबाईलवर खेळायचो. पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी विचारलं, नदीपलीकडे जायचा सगळ्यात धोक्याचा मार्ग कोणता?

मी म्हणालो, "सर, आता खालच्या अंगानं जावं लागतं. पूल नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"अपडेटमध्ये काढला, सर."

त्यांनी माझं जर्नल उघडलं. आकृती सात. दोन रंगांत पूल. "मग हा काय?"

"तो आधीचा आहे सर."

"आधीचा, नंतरचा ते मला नको सांगू. जर्नलमध्ये पूल आहे. खाली सरांची सही आहे. म्हणजे पूल आहे."

आमचे सर बाजूलाच बसले होते. खाकरून म्हणाले, "बेसिकली, आहे."

मार्क गेले. त्या दिवशी मी परत येताना मेट्रोत ठरवलं, शहाणपणा बंद. वर्षाच्या शेवटी अण्णांना कागद दाखवायचाय, आणि कागदावर मार्क दिसतात, पूल दिसत नाही. पुढचं सत्र मी जर्नल पाठ केलं. पूल, पुलाच्या बाजूच्या जागा, पुलावर कुणी कुणाला कसं गाठायचं. गेम उघडायला वेळच उरला नाही. दिवसभर मोबाईल टबात, संध्याकाळी मामांचा बीपी, रविवारी जर्नल.

सगळंच वाईट होतं असं म्हणणार नाही. एक मॅडम आल्या होत्या, खऱ्या स्पर्धांचं प्रक्षेपण करणाऱ्या. त्यांनी शिकवलं की पडद्यावर जे दिसतंय ते सांगू नकोस, पुढं काय होणार ते सांग. ते अजून डोक्यात आहे. दोन आठवड्यांनी त्यांना दुसरीकडं काम लागलं आणि त्यांचा तास सरांनी घेतला. सरांनी माइकची व्याख्या दिली.

मी वर्गात पहिला आलो. गावाकडं अण्णांनी मार्कलिस्टच्या दहा झेरॉक्स काढल्या आणि प्राचार्यांकडून सही-शिक्क्यानिशी अटेस्टेड करून त्यातल्या पाच मला कुरिअर केल्या. पाच स्वतःकडं ठेवल्या. का, ते मी विचारलं नाही.

मग ती मराठी कॉमेंट्रीची चाचणी निघाली. खरी स्पर्धा, पहिल्यांदाच मराठीतून दाखवणार होते, आवाज हवे होते. हीच ती नोकरी, मला दुसरी नकोच होती. मढला एक बंगला भाड्यानं घेतला होता, एरवी तिथं मालिकांचं शूटिंग होतं. मी वर्सोव्याहून फेरीबोटीनं गेलो. इस्त्रीचा निळा शर्ट, बगलेत फाईल. फाईलमध्ये बायोडेटा, मार्कलिस्ट, अटेस्टेड प्रती, पासपोर्ट साइज फोटो तीन.

व्हरांड्यात एक मुलगी पाय वर घेऊन वडापाव खात बसली होती. कांजूरमार्गची. तिनं माझ्याकडं वरून खाली बघितलं.

"काय रे, मुलगी बघायला आलायस?"

"कॉमेंट्रीच्या चाचणीला."

"मग ती फाईल कशाला? पत्रिका आणलीयेस का?"

"डिप्लोमा आहे. ईस्पोर्ट्सचा."

"आयला, याचा डिप्लोमा असतो?" ती खरंच चकित झाली. "काय शिकवतात त्यात?"

मी तोंड उघडलं आणि पहिली गोष्ट आठवली ती व्याख्या. म्हणून तिलाच विचारलं, "तू काय केलंयस?"

"बारावी नापास. पण रोज गेम खेळत लाइव्ह असते ना यार. दीड वर्ष झालं. आई ओरडते, मी तिचाच आवाज काढून चॅटवाल्यांना ओरडते. झकास चालतं." मग फाईलकडं बोट दाखवून म्हणाली, "आणि तुझ्या क्लिप कुठायत?"

क्लिप नव्हत्या. एकही. वर्षभर मोबाईल टबात होता.

आत तीन माणसं खुर्च्यांवर होती आणि समोर मोठा पडदा. मी फाईल पुढं केली. मधल्या माणसानं ती घेतली आणि त्याचा चहा तिच्यावर ठेवला. वाईट हेतूनं नाही, टेबल ओलं होतं. "फाईल राहू दे रे. पाच मिनिटं बोल. मॅच कालचीच आहे. बाहेर थोडे प्लेअर लोक ऐकतायत, त्यांचं चॅट बाजूला दिसेल, घाबरू नको."

मॅच सुरू झाली. दोन टीम नदीच्या काठाला आल्या. मी एसटीच्या कंट्रोलरला बाहेर काढला, ते हसले. मला मॅडमचं वाक्य आठवलं, पुढं काय होणार ते सांग. आणि माझ्या तोंडातून, पाठांतर केलेल्या तोंडातून, कंट्रोलरच्या आवाजात खणखणीत बाहेर पडलं: "आता ही टीम पुलावरून पलीकडे जाणार! सगळ्यात धोक्याचा मार्ग! पुलाच्या डाव्या बाजूला आडोसा आहे, उजव्या बाजूला आडोसा आहे..."

पडद्यावर नदी होती. नदीत खांब होते.

चॅट आधी एक सेकंद थांबलं आणि मग धो-धो सुटलं. 'कुठला पूल?' 'भावा कुठल्या सालात आहेस?' 'पूल बांधून दे मग जातो.' मी सावरायला बघितलं, म्हणालो, प्रवाशांनी नोंद घ्यावी, पूल दुरुस्तीसाठी बंद आहे. मधला माणूस हसलासुद्धा. पण त्या हसण्यात काम नव्हतं, नुसतं हसू होतं.

"तू खेळतोस का रे?" त्यानं विचारलं.

"खेळायचो," मी म्हणालो. "मग शिकायला लागलो."

कांजूरमार्गची घेतली. जाताना तिनं व्हरांड्यात मला अर्धा वडापाव दिला आणि म्हणाली, "मनावर घेऊ नको. घरी जाऊन चालू कर ना लाइव्ह." मी हो म्हणालो. घर म्हणजे दिवाण, आणि दिवाणाच्या मागं मामांचा बीपी. शिवाय ती दीड वर्ष पुढं होती, आणि तिच्यासारख्या अजून किती तरी असणार. माझं ते वर्ष मी पेन्सिलनं नदी रंगवण्यात घालवलं होतं. फेरीबोटीत मी फाईल मांडीवर ठेवली. पुठ्ठ्यातून झिरपून वरच्या अटेस्टेड प्रतीवर चहाचा गोल उमटला होता, संस्थेच्या शिक्क्याएवढाच.

संस्थेच्या भिंतीवर लिहिलं होतं, सर्वांना प्लेसमेंट. लिहिलंय म्हटल्यावर कुठंतरी प्लेस करणं आलंच. सरांनी मला बोलावलं आणि त्या चार कॉम्प्युटरपैकी एकासमोर बसवलं. काम म्हणजे गावोगावच्या पालकांना फोन करून नवीन बॅचच्या अॅडमिशन घ्यायच्या. "बेसिकली, तुला सगळ्या जिल्ह्यांची भाषा येते. क्लिअर?" पत्रावर हुद्दा इंग्रजीत होता आणि मोठा होता. मी पत्राचा फोटो अण्णांना पाठवला. काय काम ते लिहिलं नाही. अण्णांचं उत्तर आलं: 'कागदावर लागला.' एवढंच.

महिनाभर मी फोन केले. कोल्हापूरला कोल्हापुरी, सावंतवाडीला मालवणी. लोकांना वाटायचं आपल्याच गावचं पोरगं बोलतंय, आणि ते विश्वास ठेवायचे. रोज संध्याकाळी तोंड कडू व्हायचं.

एका दुपारी सर जेवायला गेले होते आणि त्यांच्या टेबलावरचा फोन वाजला. मी उचलला.

"सर हायत का? करमाळ्याहून बोलतोय. आमच्या कॉलेजात लॅब असिस्टंट हायत, त्यांचं पोरगं तुमच्याकडं शिकून लागलंय म्हणं. त्यांनी झेरॉक्स दिली. आमचं पोरगं पण लई खेळतंय. त्याला पाठवावं का न्हाई, तेवढं खरं सांगा, सर."

अण्णांनी त्या पाच प्रती कशाला ठेवून घेतल्या ते मला तेव्हा कळलं. माणूस अण्णांच्याच कॉलेजातला होता. माझ्या आवाजात बोललो असतो तर 'अरे तू का!' म्हणून त्यानं उलट मलाच समजावलं असतं. म्हणून मी खाकरलो.

"बेसिकली, पाठवू नका. क्लिअर?"

"आँ?"

"पोरगं घरी खेळतंय ना? खेळू द्या. रोज खेळून लोकांना दाखवू द्या. इथं आलं की मोबाईल टबात जाईल. वर्षानं कागद मिळेल, तो बाहेर कुणी वाचत नाही. बारावी करू द्या, बाजूला खेळू द्या. मी स्वतः मॉल मॅनेजमेंटवाला आहे. क्लिअर?"

"लई उपकार झाले सर," तो माणूस म्हणाला. "असं खरं कुणी सांगत न्हाई."

फोन ठेवला तेव्हा वर्षात पहिल्यांदा आपण काहीतरी धड केलं असं वाटलं. ते दोन दिवस टिकलं. त्या भल्या माणसानं आभार मानायला पुन्हा फोन केला, आणि या वेळी तो सरांनीच उचलला.

सर ओरडले नाहीत. मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "आवाज चांगला काढतोस." मग खाकरले. "बेसिकली, उद्यापासून येऊ नकोस. ओळखपत्र टेबलावर ठेव. क्लिअर?" बोरिवलीचा तो पोरगा आता माझ्या शेजारीच फोनवर बसायचा. तो हसला नाही. त्यानं पुढचा नंबर फिरवला.

खाली टाइल्सच्या दुकानासमोर पोचेपर्यंत अण्णांचा फोन आला. ते हॅलो म्हणत नाहीत.

"सरांचा आवाज काढलास? सकाळीच सरांचा फोन आला होता मला."

"अण्णा, ऐका तर..."

"माणूस स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगत होता, खुद्द सर म्हणाले डिप्लोम्याला कोण विचारत न्हाई म्हणून. मी कुठं तोंड लपवू?"

"पण खरंच कोण विचारत नाही, अण्णा. मी गेलो होतो मढला. त्यांनी फाईल उघडलीसुद्धा नाही."

"किती ठिकाणी गेलास?"

"एका."

"एका! मी इथं अख्ख्या तालुक्याला दाखवला तो कागद, आणि तू एका ठिकाणी जाऊन परत आलास? तिथं काय केलंस? आवाज काढले असतील माकडासारखे."

ते खरंच होतं.

"मग शिपायाच्या जागेवर येतो अण्णा. आलो परत."

"कुठली जागा? भरली ती. प्राचार्य दोनदा विचारायला आले होते. मीच म्हणालो, नको, आमचं पोरगं मुंबईत लागलंय. पेढे वाटले मी लॅबमध्ये. आता येऊन काय बरण्या पुसणार माझ्या हाताखाली?"

मी म्हणालो, "त्या माणसाला तरी सांगा, पोराला पाठवू नका."

"त्याला मी समजावलंय. म्हणालो, संस्था चांगली आहे, आमच्याच पोरानं चावटपणा केला. सोमवारी येतंय त्याचं पोरगं. मामाकडं चार दिवस राहील, मामीला सांगून ठेव. आणि आधी सरांच्या पाया पड. माझी मार्कलिस्टची प्रत समोर आहे, पहिला नंबर लिहिलाय त्याच्यावर. पहिल्या नंबराला काम मिळत नाही म्हणजे दोष कुणाचा, कागदाचा? कागद काय करणार, कागद बोलतो का? बोलायला तू होतास. पुढचा अॅडव्हान्स डिप्लोमा असंल त्यांच्याकडं, तो कधी चालू होतोय विचार. एवढं वर्ष गेलं तर अजून एक जाऊ दे. पण या खेपेला नीट अभ्यास कर. गेल्या वेळी तूच कुठंतरी कमी पडलायस."